नेतेपदाची लढाई आणि धाराशिवचा हिशेब

उद्धव ठाकरे सरकारची शेवटची मंत्रिमंडळ बैठक २९ जून २०२२ रोजी झाली. बहुमत सिद्ध करा, असे राज्यपालांचे पत्र आदल्याच दिवशी आले होते. सर्वोच्च न्यायालयात त्यावरून युक्तिवाद चालू होता आणि शिवसेनेचे बहुसंख्य आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला होते. त्या घाईच्या बैठकीत औरंगाबादचे संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव करण्याचा निर्णय झाला. त्याच रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला. पुढे १६ जुलैला नव्या सरकारने हाच निर्णय पुन्हा घेतला, कारण बहुमत चाचणीचे पत्र आल्यानंतर घेतलेला निर्णय टिकणार नाही, असे देवेंद्र फडणवीस यांचे म्हणणे होते. त्या दिवशी मंत्रिमंडळात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री एवढे दोघेच होते.

म्हणजे एका जिल्ह्याचे नाव सतरा दिवसांत दोनदा बदलले. मागणी जुनीच होती. शिवसेना-भाजप युतीच्या पहिल्या सरकारनेही नव्वदच्या दशकात हा प्रयत्न करून पाहिला होता. पण २०२२ मध्ये तो मार्गी लागला तो शिवसेना कोणाची, या भांडणाच्या धामधुमीत. दोन्ही गटांना बाळासाहेबांचा वारसा आपल्याकडे आहे हे दाखवायचे होते आणि त्यासाठी नामांतरासारखा सोयीचा पुरावा दुसरा नव्हता. केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली, मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये नामांतराला आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळल्या. श्रेय कोणाचे, हा वाद मात्र कोणत्याही न्यायालयात गेला नाही आणि मिटलाही नाही.

सत्ताधारी पक्षात नेतेपदावरून जुंपली की राज्यभर चर्चा होते ती मुंबईतल्या हालचालींची: कोण कोणाला भेटले, कोण ‘नॉट रिचेबल’ झाले, किती जण फुटले. त्या भांडणाचा खालच्या पातळीवर काय परिणाम झाला, याची मोजदाद क्वचितच होते. ती करायला धाराशिवइतका चांगला जिल्हा नाही. विधानसभेच्या अवघ्या चार जागा. निती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेले, राज्यातल्या चार जिल्ह्यांपैकी एक. आणि तरीही गेल्या चाळीस वर्षांत राज्यातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या पक्षफुटीचा धागा या ना त्या रीतीने इथे येऊन पोचतो.

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातल्या चारपैकी तीन जागा शिवसेनेने जिंकल्या. परंड्यातून तानाजी सावंत, उमरग्यातून ज्ञानराज चौगुले, उस्मानाबादमधून कैलास पाटील. चौथी तुळजापूरची जागा भाजपच्या राणाजगजितसिंह पाटील यांच्याकडे गेली. खासदार ओमराजे निंबाळकरही शिवसेनेचेच. जिल्हा भगवा झाला म्हणायचे तर तो त्या वर्षी झाला. अडीच वर्षांनी सावंत आणि चौगुले एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले, कैलास पाटील आणि ओमराजे ठाकरे यांच्याबरोबर राहिले. फाळणी अगदी निम्मी निम्मी.

यातली कैलास पाटलांची कहाणी राज्यभर गाजली, आणि ती गाजण्यासारखीच आहे. २० जून २०२२ ला विधान परिषदेचे मतदान झाले. त्या संध्याकाळी त्यांना ठाण्याला म्हणून गाडीत बसवले गेले. गाडी मात्र ठाण्यात न थांबता गुजरातच्या दिशेने निघाली. त्यांनीच नंतर सांगितले त्याप्रमाणे सीमेजवळच्या नाक्यावर वाहनांची रांग लागली, तेव्हा लघुशंकेचे निमित्त करून ते खाली उतरले आणि अंधारात मागे फिरले. पाऊस चालू होता. काही किलोमीटर पायी, पुढे कोणाच्या तरी मोटरसायकलवर, मग एका ट्रकमधून असे करत ते मुंबईला पोचले. पहिल्यांदाच निवडून आलेला, मुंबईत फारसा कोणाला माहीत नसलेला आमदार एका रात्रीत निष्ठेचे प्रतीक ठरला.

त्या रात्री एका आमदाराची एवढी किंमत का होती, हे समजून घेण्यासारखे आहे. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. त्यात पूर्वी एक-तृतीयांश आमदार फुटले तरी त्यांना संरक्षण मिळत असे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद झाली आणि दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची एकच वाट उरली. शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार होते. म्हणजे ३७ ची जमवाजमव. पहिल्या रात्री हा आकडा शिंदे यांच्याकडे नव्हता. म्हणून गाड्या, म्हणून सुरत, म्हणून गुवाहाटी. कायदा फूट अवघड करण्यासाठी कडक केला, तर फूट झाली नाही असे घडले नाही. ती घाऊक व्हायला लागली, एवढेच.

पण हे सगळे वादळ मुंबईहून धाराशिवला आले, असे मानणे चूक ठरेल. निदान सावंत यांच्याबाबतीत ते उलट आहे. २०१९ च्या जूनमध्ये ते फडणवीस सरकारमध्ये मृद व जलसंधारण मंत्री झाले. रत्नागिरीतले तिवरे धरण खेकड्यांमुळे फुटले, हे त्यांचे विधान त्याच काळातले. खेकड्यांनी जेवढी प्रसिद्धी दिली तेवढी खात्याने दिली नाही. मग महाविकास आघाडीचे सरकार आले आणि ३० डिसेंबर २०१९ च्या विस्तारात त्यांचे नाव गायब झाले. त्यांचे मृद व जलसंधारण खाते गेले नेवाशाचे क्रांतिकारी शेतकरी पक्षाचे आमदार शंकरराव गडाख यांच्याकडे. त्यावर कडी म्हणजे गडाख यांनाच उस्मानाबादचे पालकमंत्री करण्यात आले. जिल्ह्यात पक्षाचे तीन आमदार, आणि पालकमंत्री नगर जिल्ह्यातले, शिवसेनेला पाठिंबा देणारे पण शिवसेनेच्या चिन्हावर निवडून न आलेले. या एका नेमणुकीने किती जणांना दुखावले असेल, याचा अंदाज मुंबईत कोणी केला नसावा.

मंत्रिपद हुकल्याचा परिणाम लवकरच दिसला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. राज्यात शिवसेना राष्ट्रवादी आणि काँग्रेसबरोबर सत्तेत नुकतीच बसली होती, पण इथे सावंत गटाने थेट भाजपचे आमदार राणाजगजितसिंह पाटील यांच्या गटाशी हातमिळवणी केली. अस्मिता कांबळे अध्यक्ष झाल्या, सावंत यांचे पुतणे धनंजय सावंत उपाध्यक्ष. पुढे मंत्री झाल्यावर २०२३ मध्ये परंड्यात भाषण करताना सावंत यांनी सरळ सांगून टाकले की बंडाचा पहिला झेंडा धाराशिवच्या जिल्हा परिषदेत फडकला आणि सत्तांतरासाठी फडणवीस यांच्याबरोबर शे-दीडशे बैठका झाल्या. बैठकांचा आकडा राजकारण्याच्या भाषणातला आहे, तो तसाच घ्यावा. जिल्हा परिषदेची गोष्ट मात्र कागदावर आहे. २०२२ च्या महानाट्याची रंगीत तालीम अडीच वर्षे आधी इथे झाली होती आणि ती कोणी गांभीर्याने पाहिली नाही.

धाराशिवला नेतेपदाच्या भांडणाची ओळख त्याही आधीची. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. तोवर निलंगा, लातूर, औसा हे सगळे उस्मानाबादचेच तालुके. विलासराव देशमुखही सुरुवातीच्या काळात उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य होते. निलंग्याचे शिवाजीराव पाटील मुख्यमंत्री झाले तेही काँग्रेसमधल्या अशाच एका कलहातून. १९८५ मध्ये प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केले म्हणून वसंतदादा पाटील यांनी राजीनामा दिला आणि दिल्लीने निलंगेकरांना पुढे केले. एमडी परीक्षेतील गुणवाढ प्रकरणात उच्च न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर त्यांना वर्षही पुरे न होता, मार्च १९८६ मध्ये, पायउतार व्हावे लागले. विलासरावांचेही तसेच. जानेवारी २००३ मध्ये पक्षातल्या कुरबुरींपायी खुर्ची गेली आणि सुशीलकुमार शिंदे आले. २००४ ची निवडणूक शिंदे यांच्या नेतृत्वाखाली लढवली गेली आणि निकालानंतर मुख्यमंत्री झाले पुन्हा विलासराव. काँग्रेसमध्ये अशा वेळी दिल्लीहून निरीक्षक येत, आमदार ‘श्रेष्ठींना अधिकार’ असा एका ओळीचा ठराव करत आणि लिफाफ्यातून नाव निघे. लोकशाहीच्या नावाने ती थट्टाच होती. पण पद्धत सगळ्यांना ठाऊक असल्याने हरलेला माणूस सहसा पक्षातच राहून पुढच्या लिफाफ्याची वाट पाहत असे.

शरद पवार यांनी ही वाट दोनदा सोडली, १९७८ मध्ये आणि १९९९ मध्ये. दुसऱ्या वेळी जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली तेव्हा उस्मानाबादचे पद्मसिंह पाटील त्यांच्याबरोबर गेले. तुळजापूरचे मधुकरराव चव्हाण काँग्रेसमध्येच राहिले. चार महिन्यांत दोन्ही पक्ष राज्यात एकत्र सत्तेत आले, त्यामुळे त्या फुटीचा घाव लोकांना जाणवला नाही. खरा घाव पुढचा. २००४ मध्ये सत्ताधारी राष्ट्रवादीतच जिल्ह्याच्या नेतृत्वावरून बंड झाले. पद्मसिंहांचे चुलत भाऊ पवनराजे निंबाळकर त्यांच्याविरुद्ध विधानसभेला उभे राहिले आणि अगदी थोडक्यात हरले. ३ जून २००६ रोजी पवनराजेंची हत्या झाली. तो खटला आणि त्याची कटुता हा वेगळा विषय आहे. राजकारणापुरते सांगायचे तर पवनराजेंचे पुत्र ओमराजे शिवसेनेत गेले, २००९ मध्ये त्यांनी पद्मसिंहांचे पुत्र राणाजगजितसिंह यांना हरवले, २०१४ मध्ये राणांनी परतफेड केली आणि २०१९ च्या लोकसभेला ओमराजेंनी पुन्हा राणांना १ लाख २७ हजार मतांनी पाडले. त्याच वर्षी पाटील पितापुत्र भाजपमध्ये गेले.

आज ठाकरे यांचे निष्ठावंत म्हणून ज्यांची ओळख आहे ते खासदार शिवसेनेला मिळाले ते राष्ट्रवादीतल्या भांडणातून. एका पक्षातली भाऊबंदकी दुसऱ्या पक्षाची पुंजी होते. जिल्ह्यात पक्षांच्या पाट्या बदलत गेल्या, लढणारी घराणी तीच राहिली.

जगात हे प्रकार होत नाहीत असे नाही. शिंदे यांनी शपथ घेतली त्याच्या पुढच्याच आठवड्यात, ७ जुलै २०२२ ला, ब्रिटनमध्ये बोरिस जॉन्सन यांनी पक्षनेतेपद सोडण्याची घोषणा केली. मंत्री एकामागून एक राजीनामे देत होते, तेव्हा कोणालाही बसमध्ये घालून स्कॉटलंडच्या हॉटेलात न्यावे लागले नाही. खासदारांच्या मतदानाच्या फेऱ्या झाल्या, मग दीड लाखाच्या आसपास पक्षसदस्यांनी लिझ ट्रस यांना निवडले. ट्रस ४९ दिवसांत गेल्या, ऋषी सुनक आले आणि जुलै २०२४ मध्ये मतदारांनी हुजूर पक्षाला १२१ जागांवर आणून ठेवले. नियम असले म्हणजे निवड शहाणी होतेच असे नाही, हे ट्रसबाईंनी दाखवून दिले. पण पक्ष कोणाचा, हा प्रश्न मात्र तिथे कधी न्यायालयात गेला नाही.

आपल्याकडे नेमका तोच गेला. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. आयोगाने कसोटी लावली ती निवडून आलेल्या आमदार-खासदारांच्या बळाची. पक्षाची २०१८ ची घटना आयोगाच्या नोंदीवर नाही, असे म्हटले गेले. जानेवारी २०२४ च्या निकालात विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १९९९ ची घटना ग्राह्य धरली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये राज्यपालांवर आणि प्रतोदाच्या नेमणुकीवर ठपका ठेवला, पण ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असेही सांगितले. शिवसेनेत नेता कसा निवडायचा आणि कसा बदलायचा, हे कोणी कधी लिहून ठेवून पाळलेच नव्हते. साहेबांचा शब्द हीच घटना. तिथे नाराज माणसापुढे दोनच रस्ते उरतात, गप्प बसणे किंवा सगळा पक्षच घेऊन जाणे. ही जबाबदारी शिंदे यांच्याइतकीच ‘मातोश्री’चीही आहे, आणि ठाकरे गटाच्या सहानुभूतीदारांना हे ऐकायला आवडत नाही.

राष्ट्रवादीत २ जुलै २०२३ ला अजित पवार यांच्या बंडाने तेच घडले. धाराशिवात तेव्हा त्या पक्षाचा एकही आमदार नव्हता. फुटायला कोणी नाही, म्हणून फुटीचा त्रास नाही, असे कोणालाही वाटले असते. पण २०२४ च्या लोकसभेला भाजप, शिंदे गट आणि अजित पवार गट यांच्या महायुतीच्या वाटपात धाराशिवची जागा अजित पवार गटाला सुटली. ज्या पक्षाकडे जिल्ह्यात आमदार नाही त्याच्याकडे उमेदवारही नव्हता. राणाजगजितसिंह पाटील यांच्या पत्नी अर्चना पाटील यांनी एप्रिलमध्ये राष्ट्रवादीत प्रवेश केला आणि लगेच घड्याळ चिन्हावर उभ्या राहिल्या. पती भाजपचे आमदार ते भाजपमध्येच. हक्काची जागा गेली म्हणून शिंदे गटाचे कार्यकर्ते चिडले ते वेगळेच. धाराशिवच्या मतदाराला त्या उन्हाळ्यात धनुष्यबाण आणि कमळ दोन्ही मतपत्रिकेवर दिसले नाहीत. समोर होती ठाकरे गटाची मशाल आणि घड्याळ.

निकाल एकतर्फी लागला. ओमराजेंना ७ लाख ४८ हजार मते, मताधिक्य ३ लाख २९ हजार ८४६. गद्दारीचा राग होताच, बंडखोरांना उद्देशून दिलेली ‘पन्नास खोके’ची घोषणा वस्त्यांवरही पोचली होती. पण एवढ्या मताधिक्याचे खापर केवळ फुटीवर फोडणे आळशीपणाचे आहे. सोयाबीनचे पडलेले भाव, कांद्याची निर्यातबंदी, मराठा आरक्षणाचे आंदोलन हे सगळे त्या मतांत मिसळलेले होते. मोबाइलवर आलेला प्रत्येक फोन स्वतः उचलणारा खासदार, ही ओमराजेंची ख्यातीही त्यात होती.

तसे नसते तर सहा महिन्यांत चित्र पालटले नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तुळजापुरात राणाजगजितसिंह ३६ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. परंड्यात सावंत १,५०९ मतांनी वाचले, तेही राज्यात आरोग्यमंत्रिपद आणि जिल्ह्यात पालकमंत्रिपद भोगून. उमरग्यात चौगुले तीन वेळा आमदार होते. त्यांना ठाकरे गटाचे नवखे प्रवीण स्वामी यांनी ३,९६५ मतांनी पाडले. धाराशिवमध्ये कैलास पाटील साडेतेरा हजारांच्या आसपास मताधिक्याने परत आले. राज्यभर महायुतीची लाट असताना ठाकरे गटाला अवघ्या २० जागा मिळाल्या, त्यातल्या दोन या चार जागांच्या जिल्ह्यातून. फुटलेल्या दोघांपैकी एक पडला आणि एक काठावर राहिला. न फुटलेले दोघेही टिकले. एवढे मात्र आकडेच सांगतात.

मतांच्या पलीकडचा हिशेब जास्त कडू आहे. कृष्णा खोऱ्यातले २३.६६ टीएमसी पाणी मराठवाड्याला देण्याचे ठरले, त्याला दोन दशके उलटली. पहिल्या टप्प्यातल्या ७ टीएमसीची वाट परंडा, भूम, तुळजापूरचा शेतकरी अजून पाहतो आहे. प्रत्येक सरकारने त्याचा आढावा घेतला, सुधारित मान्यता दिली आणि आधीच्या सरकारने काय केले नाही ते सांगितले. वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी महाविकास आघाडीच्या काळात, पहिले प्रवेश शिंदे सरकारच्या काळात, आणि श्रेयाचे फलक दोन्हीकडचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये, सरकार बदलून चार महिने झाले असताना, ऐन दिवाळीत कैलास पाटील पीकविमा आणि अतिवृष्टीच्या मदतीसाठी उपोषणाला बसले होते. परंड्याचे आमदार तानाजी सावंत तेव्हा त्याच जिल्ह्याचे पालकमंत्री होते. एकाच चिन्हावर तीन वर्षांपूर्वी निवडून आलेले हे दोघे, आणि शेतकऱ्याच्या पैशासाठी एकाने दुसऱ्याच्या सरकारविरुद्ध उपाशी बसायचे, हे नेतेपदाच्या भांडणाचे गावपातळीवरचे रूप.

पालकमंत्रिपदाला इथे एवढे महत्त्व का, असे बाहेरच्याला वाटेल. जिल्हा नियोजन समितीचा निधी त्याच्या सहीने वाटला जातो: रस्ता कोणत्या गावाला, शाळाखोली कोणत्या वस्तीवर, रोहित्र कोणत्या शिवारात. मोठे उद्योग नसलेल्या जिल्ह्यात कार्यकर्ता जगतो तो याच कामांवर. म्हणून मुंबईत गट बदलला की इथे कामांच्या याद्या बदलतात, मंजूर कामांना स्थगिती येते, मग स्थगिती उठवण्यासाठी खेटे. २०२५ मध्ये तर अशी स्थगिती सरकार एकच असताना, महायुतीतल्या मित्रपक्षांच्या ओढाताणीतूनच आली.

ज्यांनी बंडाचा पहिला झेंडा आपण फडकवला असे सांगितले, त्या तानाजी सावंत यांना डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात जागा मिळाली नाही. मंत्रिपद जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणालाही मिळाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये धाराशिवचे पालकमंत्री म्हणून नेमले गेले ते ठाणे शहरातल्या ओवळा-माजिवड्याचे आमदार प्रताप सरनाईक.